केजन लोकांच्या गांवांतून

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं धर्मगुरूनें आपल्याच देवळाचा इतिहास सांगावा, अशी रीत आहे. परंतु तें काम आपल्यांतील वडीलधाऱ्या मंडळींनीं माझ्याहून अधिक चांगल्या रीतीनें पार पाडलें आहे. म्हणून चालकांच्या अनुमतीनें मी आज तुम्हांला दूर देशींच्या एका कॅथॉलिक समाजाची हकीकत सांगणार आहें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दक्षिणेस, मिसिसिपी नदी जेथें समुद्राला मिळते, तेथें लुईझियाना नांवाचें संस्थान आहे. त्याच्या नैर्ऋत्य भागांत केजन लोकांचीं लहान लहान गांवें पसरलेलीं आहेत. त्या गांवांतून कांहीं दिवस हिंडण्याचा योग मला आला. तेथील भातशेती, खाड्या, मासळी, देवळें आणि म्हातारीकोतारीं माणसें पाहून मला आपल्या वसईच्या मुलुखाची आठवण वारंवार होत असे. पण त्याहून अधिक आठवण झाली ती आपल्या मुलाबाळांची. ती कां, हें शेवटीं आपोआप ध्यानांत येईल.

प्रथम हे लोक तेथें आले कसे, तें पाहूं. सतराव्या शतकाच्या आरंभीं, म्हणजे १६०४ सालापासून, फ्रान्समधील कांहीं कुटुंबें समुद्र ओलांडून हल्लींच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर वसाहत करूं लागलीं. त्या प्रदेशास अकादी असें नांव होतें. त्याचा मोठा भाग आज नोव्हा स्कोशिया म्हणून ओळखला जातो. तेथें भरतीचें पाणी फार उंच चढतें. या शेतकऱ्यांनीं खाजणांना मातीचे बांध घातले आणि बांधांच्या पोटांत लांकडी झडपा बसविल्या. ओहोटीच्या वेळीं आंतलें गोडें पाणी बाहेर जाई, आणि भरती आली म्हणजे झडप आपोआप मिटून खारें पाणी बाहेरच अडे. आपल्याकडे खाजणाला उघाडी असते, तिचाच हा प्रकार. अशा रीतीनें समुद्रापासून मिळविलेल्या जमिनीवर तीन चार पिढ्या सुखानें नांदल्या.

परंतु १७१३ सालच्या उट्रेख्टच्या तहानें तो मुलूख इंग्रजांच्या ताब्यांत गेला. अकादी लोक नव्या राजाशीं भांडले नाहींत. मात्र बिनशर्त निष्ठेची शपथ घेण्यास त्यांनीं नकार दिला, कारण आपल्याच रक्ताच्या फ्रेंचांवर शस्त्र धरण्याची पाळी आपणांवर येईल अशी त्यांना भीति होती, आणि धर्मावर गदा येईल ही धास्तीही होती. हा वाद कित्येक वर्षें धुमसत राहिला. अखेर गव्हर्नर चार्ल्स लॉरेन्स यानें त्यांना देशाबाहेर घालविण्याचें ठरविलें. १७५५ सालच्या सप्टेंबरच्या ५ तारखेस ग्राँ-प्रे या गांवीं सर्व पुरुषांस आणि दहा वर्षांवरील मुलग्यांस देवळांत बोलावण्यांत आलें. तेथें जॉन विन्स्लो नांवाच्या अधिकाऱ्यानें हुकूम वाचून दाखविला: जमिनी, घरें आणि गुरेंढोरें सरकारजमा झालीं असून सर्वांना जहाजांत घालून परदेशीं पाठविण्यांत येईल. ज्या देवळांत त्यांच्या मुलांचा बाप्तिस्मा झाला होता, त्याच देवळांत त्यांना हा निकाल ऐकावा लागला!

पुढील आठ वर्षांत सुमारें दहा हजार माणसें अशा रीतीनें हांकलण्यांत आलीं. कोणी इंग्रजांच्या अमेरिकेंतील वसाहतींत, कोणी इंग्लंडांत, कोणी फ्रान्सांत जाऊन पडले. कित्येक रोगराईनें मेले, कित्येक जहाजांबरोबर बुडाले. एका कुटुंबाचीं माणसें भिन्न भिन्न किनाऱ्यांवर उतरलीं, त्यांतील पुष्कळांची पुन्हां भेट झाली नाहीं. या दुःखाची राजदरबारीं कबुली मिळण्यास जवळजवळ अडीचशें वर्षें लागलीं. २००३ सालच्या डिसेंबर महिन्यांत राणी दुसरी एलिझाबेथ हिच्या नांवें कॅनडांत एक घोषणापत्र निघालें आणि २८ जुलै हा दिवस या हद्दपारीच्या स्मरणासाठीं नेमून देण्यांत आला.

या भटकणाऱ्यांपैकीं सुमारें दोनशें माणसांचा एक तांडा जोझेफ ब्रूसार या पुढाऱ्याबरोबर १७६५ सालीं लुईझियानांत येऊन पोंचला. या पुरुषाला लोक बोसोलेल या नांवानेंही ओळखत. पुढें १७८५ सालीं स्पेनच्या राजाच्या साहाय्यानें सात जहाजें फ्रान्सहून निघालीं आणि आणखी सुमारें सोळाशें लोक येऊन मिळाले. त्यांनीं बायूंच्या काठीं घरें बांधलीं. बायू म्हणजे संथ वाहणारा ओढा. त्याला ओघ इतका मंद कीं पाणी कोणत्या दिशेला जातें हें क्षणभर पाहून कळत नाहीं. 'अकादियें' या मूळच्या नांवाचें बोलण्यांत 'कादियें' झालें, आणि इंग्रजांच्या तोंडीं तेंच 'केजन' होऊन बसलें.

येथें एक गोष्ट सांगतों, ती ऐकून तुम्हांला मौज वाटेल. अमेरिकेच्या बहुतेक संस्थानांत जिल्ह्यास 'काउंटी' म्हणतात. लुईझियानांत मात्र त्यास 'पॅरिश' म्हणजे धर्मग्राम असें म्हणतात. फ्रेंच व स्पॅनिश अमदानींत देवळाची हद्द तीच कारभाराची हद्द असे. राज्यें बदललीं, १८०३ सालीं सारा मुलूख अमेरिकेनें विकत घेतला, परंतु शब्द टिकला. आज त्या संस्थानांत असे ६४ 'पॅरिश' आहेत, आणि तेथें रस्ता दुरुस्त करणारा सरकारी मुकादमसुद्धां पॅरिशचा नोकर असतो!

न्यू ऑर्लिअन्स या मोठ्या शहराहून पश्चिमेकडे निघालें म्हणजे वाटेंत अचाफलाया नदीचें विस्तीर्ण दलदलीचें रान लागतें. त्याच्यावरून जाणारा पूल सुमारें २९ किलोमीटर लांब असून तो १९७३ सालीं खुला झाला. दोहों बाजूंस पाण्यांत उभे असलेले सायप्रसचे वृक्ष, त्यांच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या जटा, आणि मधून मधून एकादी होडी, असा देखावा कितीतरी वेळ डोळ्यांपुढून सरकत असतो. हा पूल होईपर्यंत या दलदलीनेंच केजन लोकांना जगापासून निराळें राखलें होतें. रान आडवें होतें म्हणून त्यांची भाषा, त्यांचीं गाणीं व त्यांच्या चालीरीति टिकल्या.

पूल संपतो न संपतो तोंच ब्रो ब्रिज हें गांव लागतें. येथें क्रॉफिश नांवाच्या जिवाचें माहात्म्य फार. हा शेवंडीचा धाकटा भाऊ म्हणावा; गोड्या पाण्यांत व चिखलांत राहतो. १९५९ सालीं संस्थानच्या कायदेमंडळानें या गांवास 'जगाची क्रॉफिश राजधानी' अशी पदवी दिली, आणि त्यानंतर लवकरच तेथें दरवर्षीं मोठा उत्सव भरूं लागला. पुष्कळ शेतकरी भाताचें पीक काढल्यावर त्याच शेतांत पाणी भरून क्रॉफिश वाढवितात. म्हणजे एकाच जमिनींतून भात आणि त्यावरचें कालवण दोन्हीं निघतात. उपवासकाळांतील शुक्रवारीं मांस वर्ज्य, म्हणून त्या दिवसांत या जिवाला अधिकच मागणी असते. घरोघरीं तो मसाला घालून उकडतात, लांबच लांब मेजावर कागद पसरून त्यावर ढीग ओततात, आणि म्हातारे, मुलें, पाहुणे सारे सभोंवार उभे राहून हातांनीं सोलून खातात.

त्यांचें दुसरें प्रसिद्ध अन्न म्हणजे गंबो. पीठ तेलांत किंवा चरबींत तांबूस होईपर्यंत परतून त्याचा रस्सा करतात. त्यांत कोंबडी, कोळंबी किंवा डुकराच्या मांसाच्या भरलेल्या नळ्या घालतात आणि तें भातावर ओतून खातात. 'गंबो' हा शब्द आफ्रिकेंतील भाषांतून आलेला असून त्याचा मूळ अर्थ भेंडी. त्यांत जी पाल्याची पूड घालतात ती तेथील मूळच्या चॉक्टॉ लोकांपासून घेतलेली. फ्रान्सची कृति, आफ्रिकेची भेंडी, चॉक्टॉंचा पाला, आणि खालीं भात! एका वाडग्यांत त्या मुलुखाचा इतिहास सामावलेला आहे. पूर्वीं बर्फाच्या पेट्या नव्हत्या, तेव्हां गांवकरी आळीपाळीनें डुक्कर मारीत आणि मांस शेजाऱ्यांत वांटीत. या प्रथेस 'बूशरी' म्हणतात. आज माझ्या घरचें तुझ्या घरीं, पुढच्या आठवड्यांत तुझ्या घरचें माझ्या घरीं. अशा व्यवहारांत गरिबाचें घरही कोरडें राहत नसे.

टेश नांवाच्या बायूच्या कांठीं सेंट मार्टिनव्हिल हें गांव आहे. तेथील संत मार्टिनच्या देवळाची परंपरा १७६५ सालापासून, म्हणजे अकादी लोक आले त्याच वर्षापासून, मानली जाते. देवळाजवळ एका तरुणीचा पुतळा आहे. ही इव्हॅंजेलिन. लॉंगफेलो या अमेरिकन कवीनें १८४७ सालीं अकादी लोकांच्या हद्दपारीवर एक दीर्घ काव्य प्रसिद्ध केलें. ताटातूट झालेल्या वधूनें आपल्या वराचा जन्मभर शोध केला, अशी ती कथा आहे. १९२९ सालीं त्या कथेवर चित्रपट निघाला, आणि त्यांतील नायिकेचें काम करणाऱ्या डोलोरेस डेल रिओ या नटीमुळें हा पुतळा गांवाला लाभला. गांवांत इव्हॅंजेलिनच्या नांवाचा एक जुना ओक वृक्षही दाखवितात. इव्हॅंजेलिन ही कवीच्या कल्पनेंतील स्त्री होय. परंतु जवळच अकादी लोकांचें जें स्मारक आहे, तेथें आश्रय शोधीत आलेल्या खऱ्या माणसांचीं नांवें लिहिलेलीं आहेत. मी पुतळ्यापुढें थोडा वेळ थांबलों. नांवांपुढें मात्र बराच वेळ उभा राहिलों. तीं वाचीत असतां ध्यानांत येतें, कीं हीं आडनांवें आजही त्या गांवच्या दुकानांच्या पाट्यांवर आहेत.

तेथून उत्तरेस ग्रँड कोटो हें चिमुकलें गांव आहे. १८२१ सालीं येशूच्या पवित्र हृदयाच्या संघाच्या धर्मभगिनींनीं तेथें मुलींची शाळा काढली. ती अद्यापि चालू आहे. १८६६ सालीं तेथें मेरी विल्सन नांवाची एक उमेदवार भगिनी मरणास टेकली असतां धन्यवादित जॉन बर्कमन्स यांच्या मध्यस्थीनें एकाएकीं बरी झाली. ती घटना चमत्कार म्हणून मान्य झाली आणि १८८८ सालीं बर्कमन्स यांना संतपद मिळालें. ज्या खोलींत हें घडलें तिचें आज प्रार्थनास्थान केलेलें आहे. परंतु त्याच भूमीवर दुसरीही एक आठवण आहे. शाळेच्या आरंभींच्या दशकांत तेथें गुलाम राबत होते. धर्मसंघानें अलीकडे ही गोष्ट प्रकटपणें मान्य करून त्यांच्या वंशजांचा शोध घेतला. चमत्काराची खोली आणि गुलामांच्या श्रमाची आठवण, दोन्हीं एकाच आवारांत आहेत. जो इतिहास सांगावयाचा तो सबंध सांगावा, हें मला तेथें पटलें.

यापुढें पश्चिमेस सपाट माळरान लागतें. क्राउली येथें भाताचा मोठा व्यापार असून १९३७ सालापासून तेथें भाताचा उत्सव भरत आला आहे. युनिस या गांवांत १९२४ सालीं बांधलेलें लिबर्टी नांवाचें नाटकगृह आहे. १९८७ सालापासून तेथें शनिवारीं सायंकाळीं केजन संगीताचा कार्यक्रम होऊं लागला; त्याचें निवेदन मुख्यतः फ्रेंच भाषेंत होई आणि तो आकाशवाणीवरूनही ऐकविला जाई. युनिसच्या जवळच मार्क सॅव्हॉय या कारागिरानें १९६६ सालीं अकॉर्डियन पेट्यांचें दुकान काढलें. शनिवारीं सकाळीं तेथें गांवकरी आपापलीं वाद्यें घेऊन जमतात अशी प्रथा पडली. वाद्यें तरी कोणतीं? भात्याची पेटी, फिडल आणि लोखंडी त्रिकोण. हा त्रिकोण पूर्वीं गवत ओढण्याच्या जुन्या दांताळ्याचे दांते वांकवून करीत असत. नाचाच्या मेळाव्यास 'फे-दो-दो' म्हणतात. म्हणजे बाळा, झोंप जा. लहान मुलांना शेजारच्या खोलींत निजवून आईबाप नाचावयास जात, त्यावरून हें नांव पडलें असें सांगतात.

मामू गांवाकडील इंत्रूज मी विशेषेंकरून सांगतों. गोव्याचा इंत्रूज आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला आहे. मामूस राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशीं मुखवटे घातलेले, उंच निमुळत्या टोप्या घातलेले स्वार एका कप्तानाच्या हुकुमाखालीं घरोघर जातात. कप्तानास मुखवटा नसतो. तो पांढरें निशाण घेऊन एकटा पुढें होतो आणि आंत येऊं का, असें घरधन्यास विचारतो. परवानगी मिळाली म्हणजे मंडळी येऊन गाते, नाचते आणि भिक्षा मागते. घरधनी तांदूळ देतो, नाहींतर जिवंत कोंबडी उडवून देतो, आणि मग ती धरण्यासाठीं चिखलांतून एकच धांवपळ उडते! जमलेल्या भिक्षेचा गंबो शिजतो आणि सारें गांव जेवतें. मध्यरात्रीं हें सारें बंद. दुसऱ्या दिवशीं सकाळीं कपाळावर राख घेण्यासाठीं देवळांत रांग लागते. हसण्यालाही हद्द असते आणि रडण्यालाही वेळ नेमलेली असते, हें त्या शेतकऱ्यांना कोणी शिकवावें लागत नाहीं.

परंतु बंधुभगिनींनो, मीं तुम्हांला केवळ गोड गोड सांगितलें तर तें बरोबर होणार नाहीं. त्या भागांत क्रिओल म्हणविणारे काळे कॅथॉलिक लोक पुष्कळ आहेत. भाषा तीच, धर्म तोच, गंबो तोच. अमेदे आर्द्वें हा काळा पेटीवाला आणि डेनिस मॅगी हा गोरा फिडलवाला यांनीं १९२९ सालीं एकत्र बसून तबकड्या भरल्या; केजन संगीताचा पाया त्यांवर उभा आहे. ओपेलूसस गांवचा क्लिफ्टन शेनिए यानें झायडेको नांवाचें संगीत जगभर नेलें. वाद्यें एकत्र बसत असत, पण माणसें देवळांत निराळीं बसत. कित्येक गांवांत आजही दोन कॅथॉलिक देवळें जवळजवळ दिसतात. एक गोऱ्यांसाठीं बांधलेलें आणि एक काळ्यांसाठीं. १९५५ सालीं इरॅथ या गांवीं गोऱ्या व काळ्या मुलांना एकत्र धर्मशिक्षण देणाऱ्या एका शिक्षिकेस मारहाण झाली. तेव्हां लाफायेटचे बिशप जूल्स जॉंमार यांनीं मारणाऱ्या स्त्रियांवर धर्मबहिष्कार पुकारला. ते बिशप त्याच मातींतले होते. आपल्याच माणसांना हें बजावणें त्यांना सोपें गेलें नसेल. परंतु एका वेदीपुढें दोन जाति असूं शकत नाहींत, हें कोणी तरी सांगावयास हवें होतें, आणि तें त्यांनीं सांगितलें. जातीचा अभिमान बाप्तिस्म्यानंतरही कसा शिल्लक राहतो, हें आपणांस ठाऊक नाहीं, असें आपल्यांपैकीं कोणी छातीवर हात ठेवून म्हणेल का?

आतां मी मुख्य गोष्टीकडे येतों. ज्या लोकांची जमीन गेली, घरें गेलीं, ज्यांना तोफांच्या धाकानें जहाजांत कोंबलें, त्यांनीं आपली भाषा दीडशें वर्षें हातची जाऊं दिली नाहीं. मग ती गेली कशी? तोफांनीं नव्हे, तर शाळेनें. १९१६ सालीं लुईझियानांत शिक्षण सक्तीचें झालें, आणि १९२१ सालच्या संस्थानच्या घटनेनें सरकारी शाळांतून इंग्रजीवांचून दुसऱ्या भाषेंत शिकविण्यास बंदी केली. सहा वर्षांचें पोर, ज्याला इंग्रजीचा एक शब्द कळत नाहीं, तें शाळेंत गेलें आणि त्यानें आपल्या भाषेंत कांहीं मागितलें कीं त्यास शिक्षा होई. 'मी शाळेच्या आवारांत फ्रेंच बोलणार नाहीं,' हें वाक्य शेंकडों वेळां लिहवून घेत. त्या पोरांच्या मनांत एक गोष्ट पक्की बसली: आपली भाषा म्हणजे अडाणीपणाची खूण.

तीं पोरें मोठीं झालीं. त्यांचीं लग्नें झालीं. त्यांना मुलें झालीं. आणि त्यांनीं काय केलें? आपसांत तीं फ्रेंच बोलत, परंतु मुलांशीं मात्र मोडक्यातोडक्या इंग्रजींत बोलूं लागलीं. तें द्वेषानें नव्हे; प्रेमानें. आपण जो अपमान भोगला तो लेंकरांच्या वांट्यास येऊं नये, एवढाच त्यांचा हेतु होता. अशा रीतीनें, जें काम सेनापतींना साधलें नाहीं तें आईबापांच्या मायेनें एका पिढींत केलें. फ्रेंच ही वडील माणसांची, मुलांपासून कांहीं लपवावयाचें असेल तेव्हां बोलावयाची भाषा झाली. आजी एका भाषेंत बोले, नातू दुसरींत उत्तर देई, आणि पुढें पुढें दोघेही गप्प बसत.

देवळानें तरी सांभाळिलें का? हेंही सांगावयास हवें. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनंतर, म्हणजे १९६२ ते १९६५ या वर्षांनंतर, मिस्सा लोकभाषेंत म्हणण्याची मोकळीक मिळाली. आपल्याकडे त्यामुळें मराठीला वेदीवर स्थान लाभलें. तेथें लॅटिन गेली, पण तिच्या जागीं बहुतेक देवळांत इंग्रजी आली. कारण तोंवर तरुणांची 'लोकभाषा' बदललेली होती. ज्या वर्षांत दार उघडलें, त्याच वर्षांत घरांत शिरणारें माणूस उरलें नव्हतें.

अर्थात् गोष्ट येथें संपत नाहीं. १९६४ सालीं ड्यूई बाल्फा हा शेतकरी घराण्यांतील फिडलवाला न्यूपोर्टच्या मोठ्या संगीतसभेंत वाजवावयास गेला. घरच्या लोकांना वाटत होतें कीं त्याचें हंसें होईल. हजारों श्रोत्यांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. परत आल्यावर तो जन्मभर सांगत राहिला कीं आपल्या गाण्यांची लाज वाटून घेऊं नका. १९६८ सालीं संस्थानानें फ्रेंच भाषेच्या वृद्धीसाठीं एक सरकारी मंडळ स्थापन केलें. वकील जेम्स डोमेंजो हे त्याचे अध्यक्ष होते. नंतर अशा शाळा निघाल्या कीं जेथें लहान मुलांना बहुतेक सर्व विषय फ्रेंचमध्यें शिकवितात. २०२१ सालीं पॉइंट-ओ-शेन या समुद्रकाठच्या वस्तींतील शाळा बंद करण्यांत आली होती. तेथील लोक मूळच्या अमेरिकन जमातीचे असून फ्रेंच बोलणारे आहेत. त्यांनीं हट्ट धरला, आणि २०२३ सालीं त्यांच्या वस्तींत फ्रेंच शाळा सुरू झाली. आतां आजोबा ज्या भाषेसाठीं मार खात, तीच भाषा शिकण्यासाठीं नातवास पाटी घेऊन शाळेंत पाठवितात. मेहनत पुष्कळ आणि फळ थोडें, अशी स्थिति आहे. जें आईच्या मांडीवर फुकट मिळत होतें, त्यासाठीं आतां शिक्षक नेमावे लागतात.

श्रद्धा मात्र तगली, आणि तिला फळेंही आलीं. रिशार नांवाच्या खेड्यांत शार्लीन रिशार ही मुलगी १९५९ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारली. तिचें वय अवघें १२ वर्षांचें होतें. रुग्णशय्येवर तिनें आपल्या वेदना दुसऱ्यांसाठीं अर्पण केल्या. आर्नोव्हिल गांवीं ऑगस्त पेलाफिग नांवाचे शिक्षक होते; लोक त्यांना प्रेमानें 'नोंको' म्हणत. ते पायीं हिंडून पवित्र हृदयाच्या भक्तीचीं पत्रकें वांटीत असत. ते १९७७ सालीं वारले. २०२० सालीं या दोघांच्याही संतपदाच्या चौकशीस आरंभ झाला. एक शाळकरी पोर आणि एक खेड्यांतला मास्तर! शिवाय २०१५ सालापासून १५ ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणास, टेश बायूवरून होड्यांतून पवित्र साक्रामेंताची मिरवणूक निघूं लागली. अकादी लोकांची ती आश्रयदात्री. त्यांच्या ध्वजावर तिचा सोन्याचा तारा आहे. काठाकाठावरच्या गांवांत होड्या थांबतात आणि लोक गुडघे टेकतात. त्यांच्या पूर्वजांना जहाजांनीं देशोधडीस लाविलें. आज त्याच पाण्याच्या वाटेनें प्रभू त्यांच्या दारीं येतो.

आतां आपल्याकडे वळूं. आपल्या पूर्वजांच्या वांट्यासही सत्तांतरें आलींच. १७३९ सालीं मराठ्यांनीं वसई घेतली आणि पोर्तुगीज गेले. तरी येथला ख्रिस्ती शेतकरी व कोळी आपल्या देवळाला आणि आपल्या बोलीला धरून राहिला. गोव्यांत १६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयनें लोकांनीं आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावें, असा हुकूम काढला होता. भाषा मेली नाहीं. आणि त्याच गोव्यांत त्यापूर्वीं, १६१६ सालीं, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूचें ख्रिस्तपुराण छापलें गेलें होतें. परदेशांतून आलेल्या माणसास आपली मराठी प्रभूची कथा सांगण्यास योग्य वाटली! आम्हां घरच्या माणसांना ती आतां अयोग्य वाटूं लागली आहे काय?

आज आपल्यावर कोणी बंदी घातलेली नाहीं. आपल्या मुलांना कोणी मारीत नाहीं. मुलें इंग्रजी शिकतात, ही चांगली गोष्ट आहे. मी स्वतः तिच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाहीं. पोटासाठीं जी भाषा लागते ती अवश्य शिकावी. परंतु संध्याकाळीं जपमाळ म्हणतांना आजी एका भाषेंत आरंभ करते आणि नातवास उत्तर देतां येत नाहीं, हें मीं घरें आशीर्वादण्यास जातों तेव्हां पाहत आहें. जें बळानें हिसकावून घेतलें जातें, त्याची आठवण माणूस अडीचशें वर्षें ठेवतो. जें आपल्याच हातांनीं सोडून दिलें, त्यासाठीं कोणी रडतही नाहीं, कारण गेलेलें कळतच नाहीं. केजन लोकांच्या गांवांतून मीं आणलेला धडा एवढाच आहे.

म्हणून या महोत्सवाच्या वर्षीं माझी तुम्हांला तीन गोष्टींची विनंति आहे. पहिली: घरांतील सायंप्रार्थना आपल्या भाषेंत होऊं द्या, मग ती सामवेदी असो, वाडवळी असो, कोळी असो वा पुस्तकी मराठी असो, परमेश्वराला सर्व कळतात. दुसरी: आपल्या म्हाताऱ्या बायांना लग्नाचीं जीं गाणीं येतात, तीं वर्ष संपण्यापूर्वीं उतरून घ्या. १९३४ सालीं जॉन व अॅलन लोमॅक्स हे पितापुत्र ध्वनिमुद्रणाचें यंत्र घेऊन लुईझियानाच्या खेड्यांत गेले, म्हणून तेथील कित्येक गाणीं आज उरलीं आहेत. आपल्या प्रत्येकाच्या खिशांत आज त्याहून चांगलें यंत्र आहे. आळस तेवढा सोडावयाचा. जो तरुण या कामास पुढें येईल, त्यास देवळाच्या कचेरींत वही आणि बसावयास जागा मिळेल. आणि तिसरी, सर्वांत कठीण: आपल्या आठवणी सांगतांना ज्यांना आपण दूर बसविलें त्यांचीही आठवण सांगा, म्हणजे आपल्या मुलांना अर्धा इतिहास मिळणार नाहीं.

देऊळ दगडांचें बांधतां येतें, आणि आपल्या पूर्वजांनीं तें बांधलें. परंतु तें ज्यांनीं भरावयाचें त्यांच्या ओठांवर प्रार्थना ठेवणें, हें काम प्रत्येक पिढीस नव्यानें करावें लागतें; तें कोणी कायमचें करून ठेवलेलें नसतें. ती शक्ति परमेश्वर आपणां सर्वांना देवो, आणि सागराचा तारा जी पवित्र मरिया, ती आपल्या व त्या दूरच्या बांधवांच्या घरांवर कृपादृष्टि ठेवो.